निकड चौदा

आमच्या कंपनीत गरोदर बाईला रजा मागावी लागत नाही. ती आपोआप मिळते, किंवा मिळत नाही. मागण्याचा अपमान मात्र आता कुणाच्या वाट्याला येत नाही.

पाच वर्षांपूर्वी मी हजेरी कक्षात रुजू झालो, तेव्हा तो अपमान रोज माझ्या खिडकीशी उभा असे. सुप्याच्या माळावर, पवनचक्क्यांच्या रांगेखाली आमचा कारखाना आहे. इथे इंजेक्शनच्या काचकुप्या भरल्या जातात. यंत्राने नाकारलेली प्रत्येक कुपी दिव्यासमोर धरून पुन्हा तपासायची, आत तरंगणारा कण खरा की काचेवरचा ओरखडा हे ठरवायचे, असे काम दीडशे बायका करतात. त्यांतली एखादी डॉक्टरची चिठ्ठी घडी घालून माझ्याकडे येई. मागे पर्यवेक्षक उभा असे आणि म्हणे, "मागच्याच महिन्यात गेली होतीस ना? पुन्हा काय झालं?" मग ती खिडकीच्या भोकापाशी तोंड नेऊन, बावीस वर्षांच्या अविवाहित मुलाला, आपल्या अंगावरून काय जाते आहे ते सांगे. मी मान खाली घालून टंकत राही. माझ्या संकोचाचा त्यांना आधार वाटत होता की त्रास होत होता, हे मला आजही ठाऊक नाही.

गर्भवेध आला तेव्हा म्हणूनच मला सुटल्यासारखे झाले.

तो एक पट्टा होता. पोटाशी बांधला की बाळाच्या हृदयाचे ठोके, त्याची हालचाल आणि गर्भाशयाचा ताण तो अखंड ऐकत राही. असे ऐकणारी यंत्रे आधीही होती. पण ती सगळ्या बाळांना एकाच मापाने मोजत. मुळात शांत असलेले बाळ त्यांना आजारी वाटे आणि दवाखान्यांत नाहक गर्दी होई. गर्भवेधाने ही चूक सुधारली. प्रत्येक बाळाची तुलना तो त्याच्या स्वतःशीच करी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात, आई सर्वांत स्वस्थ बसलेली असेल असे दोन तास तो आपणच निवडी आणि त्या दोन तासांतले बाळाचे वागणे कायमचे लक्षात ठेवी. याला पाया म्हणत. पुढे बाळ आपल्या पायापेक्षा जितके मंदावेल, तितका अंक वाढे; जास्तीचा दंगा मात्र धोका धरला जात नसे. त्या अंकाचे नाव निकड. साठच्या वर निकड गेली की अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा आपोआप मंजूर होई, दवाखान्यातली वेळ ठरे आणि फाटकाशी गाडी येऊन उभी राही. साठच्या खाली 'भेट अनावश्यक' असे शब्द उमटत. ठरलेल्या चार तपासण्या मात्र सर्वांनाच मिळत.

वर्षभरात तालुक्यातले दवाखानेही निकड पाहूनच वेळ देऊ लागले. बाईने काय होते ते सांगण्यापूर्वी डॉक्टर पडद्यावरचा अंक पाहत. अंक कमी असताना कामावर न येणे ही 'अकारण अनुपस्थिती' ठरली, आणि अशा एका अनुपस्थितीला प्रसूतिरजेतला एक आठवडा कापला जाऊ लागला. तरी एक झडप मोकळी ठेवलेली होती. हजेरी कक्षातल्या माणसाला यंत्राच्या विरुद्ध 'मानवी शिफारस' करता येई. ती थेट व्यवस्थापक कवाद सरांच्या पडद्यावर जाई. दोन वर्षांत मी एकही केली नव्हती. यंत्र चुकत नव्हते. आणि मला कुणाच्या पडद्यावर जायला आवडत नसे.

माझी बायको ईश्वरी त्याच तपासणी विभागात काम करते. कंपनीच्या बसमध्ये दोन वर्षे मी तिच्या मागच्या बाकावर बसत होतो. एके दिवशी तीच वळून म्हणाली, "ठुबेसाहेब, बोलणार आहात की रिटायर होणार आहात?" तेवढ्यावर आमचे लग्न झाले.

तिला सातवा लागला तेव्हा विभागातल्या बायकांनी डोहाळजेवण करायचे ठरवले. आमच्याकडे ही रीतच पडून गेली आहे. यंत्रांच्या देखभालीच्या दिवशी काम बंद असते, हजेरी मात्र सक्तीची असते. असा दिवस पाहून कॅन्टीनमध्ये पाट मांडायचा. झावरे मावशी, विभागातल्या सर्वांत जुन्या, शेवंतीचे दागिने घेऊन आल्या होत्या. बाजूबंद झाले, मुकुट झाला, आणि फुलांचा कमरपट्टा बांधताना त्यांचा हात अडला.

"अगं, हे काय मधेच? पोरीच्या पोटाला रेडिओ बांधलाय का?"

गर्भवेधाचा जुना पट्टा चार बोटे रुंद होता आणि त्याच्या पुढे साबणाच्या वडीएवढी पेटी होती. हिरव्या साडीवरून ती स्पष्ट दिसत होती.

"काढून ठेवते तासभर," ईश्वरी म्हणाली.

मी दाराशी बशी धरून उभा होतो. "काढू नकोस," मी म्हणालो. "अर्ध्या तासाच्या वर काढला की खंड पडतो. खंडांची यादी माझ्याकडेच येते."

"घ्या! बायकोची ओटी भरायची चाललीय आणि दाजी यादी भरतायत," तेजल औटी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तेजल ईश्वरीच्या शेजारच्या दिव्यावर काम करते. दोघींचे दिवस जेमतेम आठवड्याच्या फरकाने पुढेमागे होते. ती नवी असल्याने तिला नव्या घडणीचा गर्भवेध मिळाला होता, बोटभर रुंदीची चिकटपट्टी. "अगं, माझी चिकटी घे तू, फुलांखाली दिसायचीसुद्धा नाही. तुझा पट्टा मी बांधते. पोटाला पोट मिळाल्याशी कारण. त्या डबड्याला काय कळतंय कुणाचं कुठलं?"

आणि खरोखरच त्याला ते कळत नव्हते. कंपनीने घेतलेला प्रकार स्वस्तातला होता. तो बाळाचे ठोके ऐकत असे, आईला ओळखत नसे. सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले. नाही म्हणायला मला एकच शब्द लागला असता. पण इतक्या बायकांसमोर बोलायचे या विचारानेच माझे कान तापले, आणि मी एवढेच म्हणालो, "परत बदलायला विसरू नका."

त्या विसरल्या नाहीत. दोन-अडीच तास ईश्वरी फुलांनी मढून, फोटोसाठी निश्चल बसली. तेजल श्रीखंड-पुरी खाऊन भिंतीला टेकली आणि तिथेच पेंगली. नंतर हात-तोंड धुवायला गेल्या तेव्हा दोघींनी आपापली यंत्रे परत घेतली.

पुढच्या आठवड्यात तेजलची निकड बहात्तर आली. गाडी आली, तिला नगरला घेऊन गेली. डॉक्टरांना काही सापडले नाही. त्यापुढच्या आठवड्यात एकोणऐंशी, पुन्हा गाडी.

"तेजलबाईचं बाळ साहेबाचं दिसतंय," झावरे मावशी बसमध्ये म्हणाल्या. "दर आठवड्याला गाडीतून फिरून येतंय."

"जळा तुम्ही," तेजल म्हणे, पण तिचा चेहरा उतरत चालला होता.

ईश्वरीची निकड नऊ असे, कधी अकरा. "आमचं पोर कामगाराचं," ती पोटावर हात ठेवून म्हणे. "त्याला कुठली आलीय रजा." बाळ मोठे दांडगट होते. संध्याकाळी ती माझा हात धरून तिथे टेकवी, आणि आतून कुणीतरी दार ठोठावल्यासारखे होई. मला त्या ठोठावण्याची भीती वाटे. इतक्या आग्रहाने आजवर मला कुणी हाक मारली नव्हती.

तेहतिसाव्या आठवड्यातला तो गुरुवार. जेवणाच्या सुट्टीत ईश्वरी खिडकीशी आली. ती कधी येत नसे.

"ऐक ना. कालपासून ते गप्प आहे."

"यंत्र काय म्हणतंय?"

"चौदा."

"मग ठीक आहे."

"तसं नाही रे. हलतं, पण कूस बदलल्यासारखं. लाथ नाही मारत. मी गोड खाऊन पाहिलं, डाव्या कुशीवर पडून पाहिलं. उद्या अर्धा दिवस जाऊन येऊ का?"

"निकड चौदा असताना दवाखाना बारा दिवसांनंतरची वेळ देईल."

"तू शिफारस कर ना. तुला करता येते म्हणालास."

मी मागे पाहिले. दहा पावलांवर कवाद सरांची खोली होती, दार नेहमीसारखे उघडे. दोन वर्षांतली पहिली शिफारस, आणि ती स्वतःच्या बायकोसाठी! ते काहीच बोलले नसते. फक्त चष्म्यावरून पाहिले असते. त्या पाहण्याची मला सवय नव्हती.

"सोमवारी तुझी ठरलेली तपासणी आहेच," मी म्हणालो. "चारच दिवस. शेवटच्या महिन्यांत जागा कमी पडते, म्हणून हालचाल कमी होते. वाचलंय मी."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. दिव्यासमोर कुपी धरून पाहतात तसे ते पाहणे होते. मग म्हणाली, "बरं. तुझं वाचन जास्त," आणि कामावर गेली.

शुक्रवारी सकाळी आठवड्याचा तक्ता बनवताना दोघींची नावे एकाखाली एक आली. तेजल औटी, ऐंशी. ईश्वरी ठुबे, चौदा. दोघींच्या आलेखांकडे मी उगाच पाहत बसलो. ईश्वरीच्या बाळाची हालचाल तीन दिवसांत निम्म्याहून कमी झाली होती. हे डोळ्यांना दिसत होते. तेजलच्या बाळाची पाच आठवड्यांत जराही बदललेली नव्हती. तरी यंत्राला काळजी तेजलची होती.

मी दोघींचा पाया उघडला. दोन्ही ठिकाणी तारीख एकच होती, वेळही एकच, दुपारी बारा ते दोन. शेवंतीच्या फुलांचा तो दिवस.

मग सगळे एका क्षणात उलगडले. तेजलची वार, नाळ जिला जोडलेली असते ती, गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला होती. तिच्या नोंदीत तसे लिहिलेलेच होते. वार पुढे असली की बाळाच्या लाथा गादीतून आल्यासारख्या मंद ऐकू येतात. ईश्वरीच्या पट्ट्याने त्या मंद लाथांनाच ईश्वरीच्या बाळाचा स्वभाव मानले होते. आमचे दांडगट बाळ आता हळूहळू विझत त्या मंदपणाशी येऊन पोहोचले होते, आणि यंत्र म्हणत होते, आता ते अगदी स्वतःसारखे वागते आहे. तेजलच्या चिकटपट्टीने आमच्या बाळाचा दंगा ऐकून ठेवला होता आणि तेजलचे निरोगी बाळ त्या पट्टीला रोज मरणोन्मुख भासत होते.

पाया रद्द करायला एक कळ होती. तिच्याखाली कारणाचा रकाना होता, आणि त्याखाली व्यवस्थापकांची मान्यता. कारण एकच लिहिता येत होते. गर्भवेधाची अदलाबदल म्हणजे यंत्राशी छेडछाड. करारात त्याला बडतर्फी होती. ईश्वरी जाईल, तेजल जाईल, आणि समोर उभे राहून 'परत बदलायला विसरू नका' म्हणणारा मीही.

मी उठलो. ती दहा पावले चाललो. दारात उभा राहिलो.

"काय ठुबे?" कवाद सर म्हणाले.

त्यांच्यामागे काचेतून पवनचक्कीचे पाते खाली येत होते, सावकाश, जणू त्याला खूप वेळ होता.

"काही नाही सर. तक्ता दुपारपर्यंत देतो."

"तेच म्हणतो. तुमचा कधी उशीर नसतो."

मी परत येऊन बसलो. सोमवारी डॉक्टर स्वतः पोटाला हात लावणार होत्या. मधे फक्त शनिवार आणि रविवार होते. माणसे महिनोन्महिने वाट पाहतात, असे मी स्वतःला सांगितले. आणि नोकरी कुणाचीच जाणार नव्हती. तिला डाव्या कुशीवर निजायला सांगायचे, एवढेच मी ठरवले.

शनिवारी संध्याकाळी तिने माझा हात पोटावर ठेवला. बऱ्याच वेळाने काहीतरी सरकले, पाण्यातून वस्त्र ओढल्यासारखे. "आहे," ती म्हणाली. "आळशी झालाय बापासारखा."

रविवारी दुपारी ती गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलटत होती. पट्टा वाजू लागला. तो वाजतो हेही आम्हाला ठाऊक नव्हते. पेटीवर अंक होता, शंभर. त्याखाली अक्षरे सरकत होती: आपली अर्ध्या दिवसाची रजा मंजूर झाली आहे. गाडी निघाली आहे. आनंदी मातृत्वासाठी शुभेच्छा.

गाडी खरोखरच पंधरा मिनिटांत आली. पण शंभर हा अंक कशाचा होता, ते मला जिना उतरतानाच कळले होते. ठोका मंदावला असता तर साठ, सत्तर, ऐंशी असा तो चढत गेला असता. एकदम शंभर एकाच गोष्टीने होतो.

मुलगा होता. मृत बाळाला जन्म द्यायलाही जिवंत बाळाइतक्याच कळा द्याव्या लागतात, हे मला माहीत नव्हते. ईश्वरीने त्या सोमवारी दुपारपर्यंत सोसल्या. डॉक्टर म्हणाल्या, "निकड तर चौदाच होती. असं कधीकधी होतं. कुणाचाच दोष नसतो." नर्सने पट्टा सोडून एका पिशवीत घातला आणि तो कंपनीची मालमत्ता म्हणून मला सही करून घ्यायला लावला.

मंगळवारी तेजल भेटायला आली. आपले पोट पदराआड झाकत ती ईश्वरीच्या खाटेशी बसली. दोघी नुसत्या एकमेकींचे हात धरून होत्या. निघताना ती मला बाहेर घेऊन गेली.

"दाजी, मला फार भीती वाटतेय ओ. हिचा अंक चौदा असून असं झालं. माझा तर रोज ऐंशीच्या वर येतोय. परवा ऑपरेशन करून काढणार म्हणतात. सव्वाआठ महिनेसुद्धा भरले नाहीत अजून. फुप्फुसं कच्ची असतात म्हणे. जगेल ना?"

तिचे बाळ ठणठणीत होते. ते मला ठाऊक होते, आणि जगात फक्त मलाच ठाऊक होते.

बुधवारी सकाळी मी ती दहा पावले पुन्हा चाललो. या वेळी शब्द आपोआप बाहेर पडले. कवाद सर मधेमधे न बोलता ऐकत होते. मग त्यांनी पडद्यावर एक अर्ज उघडला आणि माझ्याकडे वळवला.

"छेडछाडीची खबर देणारा कर्मचारी. तुम्हाला संरक्षण आहे ठुबे, हा अर्ज भरलात तर." ते थांबले. "फक्त एक अट असते. बाब निदर्शनास आल्याच्या दिवशीच खबर दिलेली असायला हवी. कधी लक्षात आलं तुमच्या?"

रकाना रिकामा होता. त्यात खूण लुकलुकत होती. कवाद सर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात कठोरपणा नव्हता. मला उत्तर सुचवण्याइतकी दयाच होती.

"आज," मी म्हणालो, आणि आजची तारीख घातली.

दुपारपर्यंत तेजलचा पाया रद्द झाला. तिचे ऑपरेशन टळले. संध्याकाळी दोघींची बडतर्फीची पत्रे निघाली. हजेरीपटावरून नावे काढायचे काम माझ्या कक्षाचे असल्याने ती मीच काढली. ईश्वरीला बाळंतपणानंतरच्या विश्रांतीची सहा आठवड्यांची रजा सोमवारी मंजूर झाली होती. ती आता लागू नसल्याचे यंत्रानेच कळवले. तेजलचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "गेली नोकरी तर गेली. माझं पोर पोटात राहिलं दाजी. तुमचे उपकार कसे फेडू?"

गुरुवारी ईश्वरीला घरी आणले. सगळे तिला सांगणे भाग होते. अदलाबदल, पाया, पत्र. मी जमिनीवर, तिच्या पलंगाच्या कडेशी बसून सांगितले. दूध येऊ नये म्हणून तिची छाती घट्ट कापडाने बांधली होती. श्वास घेताना ती मधेच थांबे. माझे बोलणे संपले तेव्हा ती छताकडे पाहत होती.

"म्हणजे मी त्या दिवशी फुलं घातली म्हणून," ती म्हणाली.

"नाही. तसं नाही."

"तसंच आहे." मग तिने मान वळवली. "तुला कधी कळलं?"

खिडकीतून ऊन तिच्या कपाळावर आले होते. मला ते पडद्याने अडवावेसे वाटले. उठायला एवढे निमित्त पुरे होते. पण तिने डोळे हलवले नाहीत. शुक्रवार हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. शुक्रवारी ते हलत होते. शनिवारीही हलत होते.

"काल," मी म्हणालो. "काल सकाळी तक्ता करताना."

तिने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला. ती भिंतीकडे थोडी सरकली, कण्हत, आणि पलंगावर माझ्यापुरती जागा केली. माझ्या केसांतून तिचा हात फिरू लागला.

"मग तू तरी काय करणार होतास?" ती म्हणाली. "वेड्या, रडतोस काय? ये, पड इथे."